गिनी पिग दत्तक घेण्याआधी घरात काय तयारी हवी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान फ्लॅटमध्ये किंवा घराच्या आत गिनी पिग पाळणाऱ्यांसाठी आहे. दुकानांतून सोडवलेले, कुणी हौस फिटल्यावर सोडून दिलेले आणि प्रयोगशाळांतून बाहेर पडलेले असे तिन्ही प्रकारचे प्राणी दत्तक येतात. त्यांचं घर आधी उभं राहावं आणि मग ते आणावेत. टोपलीतला जीव आठवडाभर बाथरूममध्ये ठेवून पिंजऱ्याची जुळवाजुळव करणं टाळा.

१. दोन गिनी पिगना नेमकी किती जागा लागते?

जमिनीवर सलग ७० × १४० सेंमी, म्हणजे साधारण साडेदहा चौरस फूट. सिंगल बेडच्या गादीच्या अर्ध्याहून थोडी जास्त. इंटरनेटवर साडेसात चौरस फूट हा आकडा दिसतो. तो 'याहून कमी नकोच' अशा अर्थाचा आहे, पुरेसा आहे असं त्यातून ठरत नाही. तीन माद्यांना १३ चौरस फूट धरा. दोन नर असतील तर लांबी १७५ सेंमीपर्यंत न्या, कारण नरांना एकमेकांच्या वाटेतून बाजूला व्हायला जागा लागते. ती नसली की भांडणं होतात.

उंचीचा त्यांना उपयोग नाही. हा प्राणी चढत नाही, सरळ रेषेत पळतो. म्हणून तीन मजली पिंजऱ्यापेक्षा एक लांबट कुंपण कधीही बरं. वरचा मजला जागेच्या हिशेबात धरायचाच नाही.

२. दुकानात मिळणारा पिंजरा घेतला तर काय बिघडतं?

बहुतेक पिंजरे मुळात पक्ष्यांचे किंवा हॅमस्टरचे असतात. दीड-दोन फूट लांब आणि तळाला तारेची जाळी. गिनी पिगच्या तळव्यांवर केस नसतात. तारेवर आणि ओल्या जागेवर सतत उभं राहून तळवे लाल होतात, त्वचा फाटते, सूज येते आणि संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. एवढ्यावर आलं की औषधोपचार महिनोन् महिने चालतो आणि पाय पूर्ण बरा होईलच असं नाही.

हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं ही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार क्रूरताच आहे. पिंजरा आधीच घेतला असेल तर तारेचा तळ काढा, दार काढून टाका आणि मोठ्या कुंपणात चाऱ्याचा कोपरा म्हणून वापरा. फिरतं चाक आणि प्लॅस्टिकचा गोळा मात्र परत करा. त्यांच्या पाठीचा कणा तसा वाकत नाही.

३. मग घरच्या घरी कुंपण कसं बांधायचं?

सामान: १४ इंची (३५ सेंमी) चौकोनी तारेचे पॅनेल १२, जोडायला कनेक्टर २४ किंवा केबल टाय, आणि ८ × ४ फुटांची, ४-५ मिमी जाडीची एक सनपॅक शीट (दोन पापुद्र्यांची, आतून पोकळ प्लॅस्टिकची शीट). ही शीट जाहिरातीचे बोर्ड करणाऱ्यांकडे मिळते. कपड्यांचे किंवा पुस्तकांचे जोडायचे रॅक ऑनलाइन मिळतात, पॅनेल त्यांतलेच. मात्र चौकटीतली भोकं मोजून घ्या: दीड इंचाहून (३.८ सेंमी) मोठी नकोत. मोठ्या भोकात डोकं अडकून प्राणी गुदमरू शकतो.

पॅनेल दोन बाय चार असे मांडा. बारा सांधे होतात, प्रत्येकाला वर एक आणि खाली एक जोड. केबल टाय वापरलेत तर शेपट्या मुळाशी कापा आणि कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा.

आता तळाची ट्रे. शीटमधून ९९ × १६९ सेंमीचा तुकडा कापा. चारही कडांपासून १५ सेंमीवर रेघ मारा आणि कटरने त्या रेघेवर फक्त वरचा एक पापुद्रा कापा, आरपार नाही. कापलेली बाजू खाली करून कडा वर दुमडा. कोपऱ्यातल्या प्रत्येक चौकोनाची एक रेघ आरपार कापली की तो पंखासारखा बाहेरून मागे वळतो, तिथे पॅकिंग टेप लावा. टेप आतून लावलात तर आठवड्यात कुरतडून खाल्लेली दिसेल. तळ ६९ × १३९ सेंमीचा होतो आणि कुंपणात जेमतेम बसतो. त्या १५ सेंमीच्या भिंतीमुळे चारा आणि लेंड्या खोलीभर उडत नाहीत आणि पिल्लं जाळीतून निसटत नाहीत.

फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्ड मेशचं करून घेतलं तरी चालेल. एक इंची मेश आणि पावडर कोटिंग सांगा, कोपऱ्यांवरची टोकं घासून घ्या. षटकोनी कोंबडी-जाळी नको: ती वाकते आणि दातांनी तुटते.

४. जमिनीवरच ठेवायचं का? आजींना वाकता येत नाही.

जुना लाकडी दिवाण असेल तर त्यासारखी दुसरी जागा नाही. ६ × ३ फुटांच्या दिवाणावर १८ चौरस फूट मिळतात, उंची बसून हात घालण्याजोगी असते आणि खालच्या खणात चारा राहतो. अट एकच: कडेचं कुंपण चारही बाजूंनी ३५ सेंमी आणि दिवाणाला घट्ट बांधलेलं. गिनी पिगला खोलीचा अंदाज येत नाही. गादीइतक्या उंचीवरून पडूनही पाय किंवा दात मोडतात. प्लाय उघडा ठेवू नका, लघवी मुरली की वास जात नाही.

५. बाल्कनीत ठेवू का? हवा छान येते.

नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हाचा झोत, पावसाळ्यात उडणारं पाणी, वर कावळे आणि घारी, शिवाय कबुतरांची घाण. जाळी लावली तरी पहिल्या दोन अडचणी तशाच राहतात. स्वयंपाकघरही नको: फोडणीचा ठसका त्यांच्या फुप्फुसांना झेपत नाही.

हॉलचा किंवा झोपायच्या खोलीचा असा कोपरा शोधा जिथे दोन बाजूंना भिंत आहे, थेट ऊन नाही आणि टीव्हीचा स्पीकर कानाशी नाही. अगदी निर्जन खोलीही नको. माणसांची ये-जा दिसत राहिली तर घाबरट प्राणी लवकर सरावतात. कोपरा ठरला की तिथे तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आठवडाभर ठेवा आणि दुपारी तीनचा आकडा टिपा. तो पाहूनच पुढचा प्रश्न वाचा.

६. आमच्याकडे उन्हाळ्यात ४० च्या वर जातं. जमेल का?

एसी किंवा तसाच खात्रीचा थंडावा असेल तर जमेल, नाहीतर प्रामाणिकपणे नाही म्हणा. गिनी पिग मूळचा अँडीज पर्वतातला. १८ ते २४ अंशांत तो मजेत असतो, २७ च्या पुढे त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, म्हणून पंख्याचा वारा माणसाला जितका गार करतो तितका त्याला करत नाही. पंखा खोलीतली हवा हलवायला ठेवा, थेट अंगावर नको.

नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चालतो. मुंबई, कोकण, गोवा इथे तोच कूलर दमटपणा वाढवून घात करतो. एसी २४-२५ वर आणि कुंपण झोताच्या वाटेबाहेर.

वीज गेली तर काय, याची सोय प्राणी येण्याआधी करा. फ्रीजरमध्ये एक लिटरच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या असू द्या. टॉवेलात गुंडाळून एक कुंपणात ठेवली की ते तिला टेकून बसतात, दुसरी पुढच्या पाळीला. कडाप्प्याचा किंवा सिरॅमिक टाइलचा फूटभर तुकडा वर्षभर आत ठेवावा. फरशीच्या दुकानात कापलेले तुकडे पडून असतात, फक्त कडा घासून घ्या.

आडवं पसरून पडणं, लाळ गळणं आणि भरभर श्वास ही उष्माघाताची लक्षणं. कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा (बर्फाच्या पाण्याने नाही) आणि तडक डॉक्टरकडे न्या.

हिवाळ्यात निफाडसारखी थंडी पडणाऱ्या गावी उलट करा: कुंपण फरशीपासून थोडं उचला, आत जाड अंथरूण आणि जास्तीचा चारा द्या.

७. खाली काय अंथरायचं?

दोन थर. खाली पाणी शोषणारं: जुनी सुती चादर चौपदरी करून किंवा तान्ह्या बाळांची ड्राय शीट, रबरी बाजू खाली. वर पोलर फ्लीस, म्हणजे दुकानात 'एसी ब्लँकेट' म्हणून मिळतं ते हलकं कापड. लघवी फ्लीसमधून झिरपून खाली जाते आणि वरचा थर कोरडा राहतो.

नवं फ्लीस मात्र पाणी वरच धरून ठेवतं. तीन-चार वेळा गरम पाण्यात धुवा, फॅब्रिक कंडिशनर कधीच नको. मग वाटीच्या तळाएवढं पाणी त्यावर ओता. थेंब वर नाचत राहिले तर अजून एकदा धुवा.

गोधडी घालू का, असं बरेच जण विचारतात. शोषते छान, पण वरून ओलीच राहते आणि धाव-टाक्यांच्या दोऱ्यांत नखं अडकतात. फ्लीसच्या खाली घाला. टर्किश टॉवेलच्या फासांचंही तेच.

फ्लीस नको असेल तर जाड वर्तमानपत्र आणि वर कापलेल्या कागदाचा तीन-चार इंच थर चालतो, रोज बदलावा लागतो एवढंच.

८. सुताराकडे लाकडाचा भुसा फुकट मिळतो. तो?

तो नको. त्यात बारीक धूळ असते, प्लायचा गोंद असतो, कीड लागू नये म्हणून लावलेली रसायनं असतात. भट्टीत वाळवलेले, धूळ काढलेले पाइनचे शेव्हिंग्ज पाकिटात मिळाले तर ठीक. देवदाराचे कुठल्याही रूपात टाळा.

९. लपायला घर किती आणि कसलं?

प्राण्यांपेक्षा एक जास्त. दोघांना तीन. आणि प्रत्येकाला दोन दारं हवीत. एकच दार असलं की दबंग जनावर तोंडाशी बसतं आणि आतलं अडकतं. सोडवून आणलेल्या जोड्यांत पहिल्या आठवड्यातली बरीच मारामारी याच कारणाने होते.

पैसे खर्चायची गरज नाही. साधारण २० सेंमी उंचीचा लाकडी चौरंग उत्तम, चारही बाजू मोकळ्या. वॉर्निश सोलत असेल तर नको. पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर दोन दारं कापा, पिना आणि टेप काढा. भिजला की फेकायचा. बुटाचा खोका मोठ्या प्राण्याला अपुरा पडतो. जुनी मंगलोरी कौलं दोन विटांवर ठेवून केलेला बोगदा उन्हाळ्यात गार राहतो, पण हलवून बघा: डुगडुगत असेल तर अंगावर येईल.

१०. पाणी आणि चाऱ्याची सोय कशी करू?

अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, कुंपणाच्या दोन टोकांना. टोकाची गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो, म्हणून रोज बोटाने दाबून बघा. शेवाळ दिसायच्या आत ब्रशने धुवा. सवय नसलेल्यांसाठी सोबत जड चिनीमातीची पसरट वाटी ठेवा. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात घालू नका: ते लवकर निकामी होतं आणि चव बदलल्याने पाणी पिणंच कमी होतं. ते जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात तयार होत नाही हे खरं, पण ढोबळी मिरची आणि कोथिंबीर रोज दिली की भागतं.

वाळलेलं गवत (टिमोथी नावाचं, प्रश्न ११) चोवीस तास हवं, रोज प्रत्येकाच्या शरीराएवढा ढीग. ते जिथे खातात तिथेच घाण करतात, म्हणून चारा एका पसरट ट्रेवर ठेवा. निम्मी साफसफाई त्या ट्रेतच आटोपते. लोंबत्या जाळीच्या पिशव्या टाळा, मान अडकते.

११. टिमोथी गवत आमच्या गावात मिळत नाही. कडबा किंवा लसूणघास चालेल?

लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला. मोठ्यांना रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियममुळे मूतखड्याची जोखीम वाढते. कडब्याची धाटं फार जाड, ज्वारीचे कोवळे पोंगे तर विषारी असतात. गुरं पाळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. भाताचा पेंढा अंथरायला बरा, पोषण कमी. टिमोथी ऑनलाइन मागवावंच लागतं, आणि फवारणी न झालेल्या जागची ताजी हरळी धुऊन, निथळून रोज जोडीला द्या. नवी हिरवळ एकदम भरपूर दिली तर हगवण लागते. आठवडाभरात हळूहळू वाढवा.

पहिलं पाकीट प्राणी येण्याआधी घरात असलं पाहिजे. पावसाळ्यात गवत सुती पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून उंच ठेवा. दमट गवत प्लॅस्टिकमध्ये बंद केलं की बुरशी धरते. कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर सगळं टाका.

१२. घरात वास येईल का?

अंथरूण ओलं राहिलं तरच. लेंड्या रोज छोट्या झाडूने गोळा करा, एका प्राण्याच्या दिवसाला शंभरावर होतात आणि कुंडीला उत्तम खत आहे. फ्लीस दोन-तीन दिवसांनी बदला, म्हणजे तीन संच हवेत. पावसाळ्यात चार, वाळत नाहीत. मशीनमध्ये टाकण्याआधी केस आणि काड्या ब्रशने काढा आणि जाळीच्या पिशवीत घाला, नाहीतर ड्रेन पाइप तुंबेल.

सनपॅकवरचा लघवीचा पांढरा थर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून दहा मिनिटं ठेवल्यावर निघतो. फिनाइल वापरू नका, कुंपणाच्या आसपासची फरशी पुसायलाही नाही.

१३. घरात मांजर किंवा कुत्रा आहे. उंदरांचं काय?

मग वर झाकण हवंच, तेही बिजागऱ्यांचं आणि कडीचं. नुसतं ठेवलेलं पॅनेल मांजरीच्या वजनाने आत कोसळतं. 'आमचा कुत्रा गरीब आहे' हे खरं असेलही, पण तो कुंपणाशी टक लावून बसला तरी आतल्या जिवाचं खाणं कमी होतं.

तळमजल्यावर आणि चाळीत उंदीर-घुशींचा धोका मांजरीहून मोठा. तिथे दीड इंची पॅनेल पुरत नाहीत, बाहेरून अर्धा इंची वेल्ड मेश बांधा आणि भाजीचे उरलेले तुकडे रात्री काढून घ्या. विषाच्या वड्या खोलीत ठेवू नका.

१४. मुंग्या, डास, उदबत्ती?

मुंग्यांसाठी खडू किंवा पावडर ही कीटकनाशकंच आहेत. दिवाण असेल तर जुन्या दुधाच्या कपाटासारखे त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. डासांसाठी खिडकीला जाळी किंवा कुंपणावर मच्छरदाणी. कॉइल, धूप, उदबत्ती दुसऱ्या खोलीत. दिवाळीत आणि मिरवणुकीच्या दिवशी सर्वांत आतली खोली, पडदे बंद, लपायची घरं भरपूर चाऱ्याने भरलेली.

१५. एकच घ्यायचा आहे, मग अर्धी जागा पुरेल ना?

एकट्यालाही आठ चौरस फूट लागतात, त्यामुळे जागेत फारसं वाचत नाही. शिवाय हा कळपातला प्राणी आहे, शक्यतो जोडीच घ्या. अपवाद: इतरांशी जुळतच नाही असा एखादा नर. त्याला दुसऱ्याच्या शेजारी, मधे जाळी ठेवून वाढवता येतं. ससा हा जोडीदार नव्हे. सशाच्या लाथेने बरगड्या मोडतात आणि सशांत लक्षणं न दाखवणारे काही जंतू गिनी पिगला न्यूमोनिया देतात.

१६. घरी आधीच एक आहे. नवा आला की थेट सोडू?

दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह. दुकानातून सुटलेल्यांत खरूज, उवा आणि गजकर्ण नेहमीचे, त्यातलं गजकर्ण माणसालाही होतं. आधी जुन्याचं काम उरका, मग नव्याचं, मग हात साबणाने. या काळासाठी ७० × १०५ सेंमीचं तात्पुरतं कुंपण पुरतं: दोन बाय तीन पॅनेल, नंतर तेच मोठ्यात जोडता येतात. अंथरूण कागदाचं ठेवा, रोज टाकून देता येतं.

५ किलोचा डिजिटल किचन काटाही याच यादीत घाला. आठवड्याला वजन टिपा. ५०-१०० ग्रॅमची घट दिसली तर वाट पाहू नका.

१७. प्रयोगशाळेतून आलेल्यांसाठी काही वेगळं?

ते बहुधा पांढरे, लाल डोळ्यांचे असतात. तेज प्रकाश त्यांना सोसत नाही, म्हणून कुंपणाच्या तीन बाजू चादरीने झाका. मोकळी जागा पाहून ते गोठतात. पहिल्या दिवशी निम्मंच कुंपण उघडा, आठवड्यात वाढवत न्या. कोथिंबीर म्हणजे काय हेही माहीत नसतं, काही दिवस शिवणार नाहीत. पूर्वीचं खाणं आणि थोडं जुनं अंथरूण सोबत मागून घ्या. भाजी नाकारली तर चालेल. गवतासकट काहीच बारा तास खाल्लं नाही तर मात्र डॉक्टर.

१८. मादी गाभण असू शकेल का? मग रचना बदलायची?

नर-माद्या एकत्र असलेल्या ठिकाणाहून आली असेल तर गृहीतच धरा. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, म्हणजे तिच्या आगमनापासून दहा आठवडे तयारीत राहा. उतार, फळ्या, मजले काढा. सनपॅकची भिंत २० सेंमी करा. पिल्लं केसांसकट, डोळे उघडे ठेवून जन्मतात आणि काही तासांत पळतात. एक बाटली खाली, पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर. पसरट वाटी उथळ.

सोबत नर असेल तर बाळंतपणाआधीच वेगळा करा, मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की वेगळी, म्हणजे दुसऱ्या कुंपणाचे पॅनेल तोवर घरात हवेत. नसबंदी झालेला नरही सहा आठवडे माद्यांपासून दूर. पहिल्यांदाच गाभण राहिलेली मादी आठ महिन्यांहून मोठी असेल तर प्रसूती अडू शकते. रात्री कोण डॉक्टर येईल, हे आधीच विचारून ठेवा.

१९. गणपतीला चार दिवस गावी जातो. चारा-पाणी भरून ठेवलं तर?

चालणार नाही. त्यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं, बाटलीची गोळी अडकली (प्रश्न १०) किंवा वीज गेली (प्रश्न ६) तर बघायला कुणी नसतं. दिवसातून दोनदा येणारं माणूस ठरवा किंवा सोबत न्या. त्यासाठी मांजराची कडक प्लॅस्टिकची पेटी, तळाला टॉवेल आणि वर फ्लीस, मूठभर गवत, काकडीचे तुकडे. दुचाकीवर नको. गाडीत पेटी पायाशी, उन्हाच्या बाजूला नाही, आणि चहाला थांबलात तर बंद गाडीत ठेवून जाऊ नका.